आणखी सहा महिने सलाईन लावावं का?

डॉक्टरबाई, नमस्कार.

आम्ही कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डजवळ राहतो. माझे मिस्टर ४७ वर्षांचे आहेत, एका विमा कंपनीच्या आयटी विभागात काम करतात. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. अर्जंट केअरमध्ये बेल्स पाल्सी सांगून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. तोंड सरळ झालं, पण महिन्याभरात रात्री पाठीतून छातीकडे जाणाऱ्या भयंकर कळा सुरू झाल्या. मग पायांना मुंग्या, विसरभोळेपणा, मीटिंगमध्ये साधे शब्द न आठवणं. वर्षभराने एका न्यूरॉलॉजिस्टने पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि न्यूरो-लाइमचं, म्हणजे गोचीड चावून होणारा लाइम आजार नसांपर्यंत पोहोचल्याचं, निदान केलं. दंडातून पिक लाइन (शिरेत ठेवायची लांब नळी) घालून २८ दिवस सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक दिलं. रात्रीच्या कळा थांबल्या. पण आज आठ महिने झाले तरी थकवा आहे, डोकं चालत नाही, मुंग्या आहेत. हॉस्पिटल म्हणतं, उपचार पूर्ण झाला.

एका खासगी क्लिनिकने लघवी तपासून सांगितलं की जंतू अजून आहेत आणि आजार पुढच्या टप्प्यात गेलाय. नऊ महिने शिरेतून अँटिबायोटिक, जोडीला ओझोन. विमा चालत नाही, सगळे पैसे रोख. सांगलीत माझ्या दिरांचं मेडिकल आहे. ते म्हणतात, इकडे या, सहा महिने घरच्या घरी सलाईन लावू. सासूबाई म्हणतात, रिपोर्ट चांगले आलेत तर आता उठून कामाला लागायला काय झालं? मुलगा ११ वर्षांचा आहे. खरा गुण येईल असा उपचार कुठे मिळेल, तेवढं सांगा.

ता. क. इतर औषधं विचाराल म्हणून सांगते : मधुमेहासाठी नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी. गेले दोन महिने ते अंधारात चालताना भिंत धरतात. थकव्यामुळे असेल का?

— एक वाचक, कनेक्टिकट

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि उत्तर ता. क. पासूनच सुरू करतेय. बाकी सगळं दोन आठवडे थांबू शकतं, ते थांबू शकत नाही.

अंधारात भिंत धरावी लागणं हा थकवा नव्हे. आपला पाय कुठे टेकलाय हे मेंदूला दोन वाटांनी कळतं. एक वाट पायाच्या नसांतून, मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते. दुसरी डोळ्यांची. पहिली वाट बिघडली की माणूस नकळत डोळ्यांवर भागवतो आणि उजेडात धड चालतो. दिवा गेला की तोल जातो. बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना ते पुढे झुकतात का, कठड्याला पोट टेकवून उभे राहतात का, हे त्यांना सहज विचारा. मी ३४ वर्षं मेंदू आणि मज्जासंस्थेचे रुग्ण तपासले. हा प्रश्न विचारल्यावर "हो, तुम्हाला कसं कळलं?" असं कितीतरी जणांनी म्हटलंय.

आता हे नवीन लक्षण आहे आणि त्याची कारणं अनेक असू शकतात. लाइमचे जंतू मज्जारज्जूत पुन्हा त्रास देत असतील, ही एक शक्यता. मधुमेहाने पायांच्या नसा गेल्या असतील, ही दुसरी. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असेल. पण माझं मन ज्या शक्यतेपाशी अडलंय ती साधी आहे : बी-१२ जीवनसत्त्व. पूर्ण शाकाहार, त्यात नऊ वर्षं मेटफॉर्मिन, जे बी-१२ शोषून घेण्यात अडथळा आणतं. सलाईनच्या दिवसांत ॲसिडिटीची गोळी सुरू झाली असेल आणि ती अजून चालू असेल तर तिचीही भर. बी-१२ कमी पडलं की पायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, थकवा येतो, अंधारात तोल जातो. म्हणजे तुमच्या यादीतलं बहुतेक सगळं. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही हे होऊ शकतं, म्हणून नेहमीच्या रक्ततपासणीत दिसतंच असं नाही. रक्तातलं बी-१२ सीमेवर आलं तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासायला सांगा, त्याने खरं काय ते कळतं. इंजेक्शनं स्वस्त आहेत. उशीर झाला तर मात्र नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

मी इथे पुण्यात बसून निदान करत नाहीये, तेवढा अधिकार मला नाही. पण या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टच्या ऑफिसला फोन करा, आणि फोनवर "अजून थकवा आहे" असं म्हणू नका. तसं म्हटलं तर तीन महिन्यांनंतरची तारीख मिळेल. "चाल बदललीय, अंधारात तोल जातो, दोन महिन्यांत नव्याने सुरू झालंय," एवढंच सांगा. आणि लघवीला अडू लागलं, ताबा सुटू लागला किंवा पाय लुळे पडू लागले, तर फोन न करता सरळ इमर्जन्सीत जा.

आता लाइमकडे वळते.

तुमच्या मिस्टरांना न्यूरो-लाइम खरोखर झाला होता, याबद्दल मला शंका नाही. ऑगस्टात तोंड वाकडं होणं, मग रात्रीच्या पाठीतल्या कळा, पाठीच्या पाण्यात पुरावा. पाठ्यपुस्तकात शिकवतात तसाच हा क्रम. कनेक्टिकटमध्ये उन्हाळ्यात कुणाचं तोंड वाकडं झालं तर लाइमची रक्ततपासणी व्हायलाच हवी, कारण तो आजार तिथल्या गवतात आहे. ती झाली नाही आणि एक वर्ष गेलं. याचा राग तुमच्या पत्रातल्या ओळींमधून जाणवतो, आणि तो रास्त आहे.

हा राग तुमच्याआधीही त्याच भागातल्या बायकांनी अनुभवलाय. लाइम हे गाव तुमच्याच राज्यात आहे. १९७५ मध्ये तिथल्या पॉली मरे या आईने आपल्या घरातली आणि शेजारपाजारची दुखणी टिपून ठेवली होती. मुलांचे गुडघे सुजत होते, ती स्वतः अनेक वर्षं आजारी होती आणि डॉक्टर तिला मानसिक म्हणून वाटेला लावत होते. तिने आणि आणखी एका आईने आरोग्य खात्याचा आणि येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात स्प्रिंगसारखे वळसे असलेले जंतू दिसले आणि त्यांचंच नाव त्या जंतूला मिळालं. म्हणून रुग्णांच्या मनात डॉक्टरांविषयी जो अविश्वास आहे, त्याला इतिहास आहे. मी तो हसण्यावारी नेणार नाही. मात्र "आमच्यावर विश्वास ठेवणारा" डॉक्टर भेटला की त्याच्या औषधावरही विश्वास बसतो. तिथे जरा थांबायला हवं.

दिलेला उपचार अपुरा होता का? नाही. मेंदू किंवा मज्जारज्जूच्या आतच लाइम शिरला असेल तर शिरेतून २ ते ४ आठवडे औषध द्यावं, असं अमेरिकेतल्या संसर्गरोग, मेंदूविकार आणि संधिवात अशा तिन्ही तज्ज्ञ संघटनांनी २०२० मध्ये एकत्र ठरवलं. फक्त नसा किंवा मेंदूची आवरणं सुजली असतील तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्याही १४ ते २१ दिवसांत काम करतात. गोळ्या सेफ्ट्रायॅक्सोनपेक्षा कमी पडत नाहीत, हे २००८ मध्ये नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं होतं. तुमच्या मिस्टरांना २८ दिवस शिरेतून मिळालं, म्हणजे वरची मर्यादा. आणि त्याचा गुण आला, रात्रीच्या कळा गेल्या. हे विसरू नका.

"मग जास्त दिलं तर आणखी गुण येईल" हा विचार कुणाच्याही मनात येईल. डॉक्टरांच्याही आला. म्हणूनच तो तपासून पाहिला गेला. २००१ मध्ये अमेरिकेत, उपचारानंतरही त्रास राहिलेल्या १२९ जणांपैकी काहींना एक महिना शिरेतून आणि पुढे दोन महिने गोळ्यांतून औषध दिलं, बाकीच्यांना नुसतं दिखाऊ औषध. ज्यांच्या रक्तात लाइमच्या प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीजचा) पुरावा होता त्यांच्यापैकी औषध घेणाऱ्यांत ३७ टक्के सुधारले, दिखाऊ औषध घेणाऱ्यांत ४० टक्के. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर असाच अभ्यास झाला. शिरेतून दोन आठवडे औषध दिल्यानंतर आणखी बारा आठवडे गोळ्या दिल्याने फरक पडला नाही. क्लिनिक तुम्हाला कदाचित २००८ चा कोलंबिया विद्यापीठाचा अभ्यास दाखवेल. त्यात १० आठवडे सेफ्ट्रायॅक्सोन दिल्यावर रुग्णांची स्मरणशक्ती आणि आकलन सुधारलं होतं, हे खरं आहे. पण २४ व्या आठवड्यात ती सुधारणा उरली नव्हती, आणि दरम्यान काहींना औषधाने व पिक लाइनने गंभीर त्रास झाला. हा भाग ते दाखवतात की नाही, ते नीट पाहा.

लघवीच्या तपासणीवर लाइमचं निदान होत नाही. त्या तपासणीची भरवशाची म्हणून कुठेही नोंद नाही, आणि तिच्यावर पुढचे नऊ महिने ठरवणं मला मान्य नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांचंही तसंच, जंतू गेल्यावरही ती वर्षानुवर्षं राहतात. म्हणून "अजून पॉझिटिव्ह" याचा अर्थ "अजून जंतू" असा होत नाही. आणखी एक गोष्ट तुम्हाला तिथे ऐकवली जाईल : औषधाने त्रास वाढला तर जंतू मरतायत असं समजा. अशी प्रतिक्रिया असते खरी, पण ती औषध सुरू केल्यावर पहिल्या दिवसात येते आणि दिवसभरात ओसरते. तिसऱ्या महिन्यात माणूस खंगत असेल तर ते जंतू मरण्याचं लक्षण नाही, औषध सोसत नसल्याचं आहे. कनेक्टिकटमध्ये २००९ पासून दीर्घकाळ अँटिबायोटिक देणाऱ्या डॉक्टरांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे हे सगळं उघडपणे चालतं. कायद्याने चालतं म्हणून त्याने गुण येतोच असं नाही.

आता दीर. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटला. भाऊ परदेशात आजारी आहे, आपल्या दुकानात तेच औषध आहे, टायफॉइडला ते रोज विकलं जातं, मग आपण हातावर हात ठेवून का बसायचं? आपल्याकडे सलाईन म्हणजे माणसाला तरतरी देणारी गोष्ट. आजीला अशक्तपणा आला की कंपाउंडर घरी येऊन बाटली टांगतो, आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण सहा महिने शिरेत नळी ठेवणं ही गोष्टच वेगळी. त्या नळीतून त्वचेवरचे जंतू थेट रक्तात जातात. नळीभोवती रक्ताची गुठळी होते. सेफ्ट्रायॅक्सोन पित्ताशयात साचतं, त्याचे खडे होतात. आतड्यातले चांगले जंतू मरून असे जुलाब लागतात की माणूस आयसीयूत जातो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये अशाच दीर्घ उपचारांत गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या पाच रुग्णांची माहिती छापली. त्यांत तिशीतली एक बाई होती. तिच्या नळीतून रक्तात जंतू शिरले आणि ती गेली. लाइमने नाही, उपचाराने. शिवाय आपल्याकडचे अनेक जंतू या गटातल्या औषधांना आता दाद देत नाहीत. तुमच्या मिस्टरांना मधुमेह आहे. त्या नळीतून सांगलीत काही शिरलं तर कोणतं औषध लागू पडेल, हे सांगणं कठीण.

आणि सांगलीत न्यूरो-लाइम पाहिलेला डॉक्टर तुम्हाला मिळणार नाही. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. मलासुद्धा पुण्यात असा रुग्ण भेटला नाही. मी जे पाहिले ते न्यू इंग्लंडमध्ये शिकायला होते त्या दोन वर्षांत. दिरांना हे पत्र वाचून दाखवा. आणि त्यांच्यासाठी खरं काम आहे : भावाच्या सगळ्या औषधांची यादी घेऊन, कोणती कधीपासून चालू आहेत आणि कोणती आता विनाकारण चालू आहेत, याचा तक्ता करायला सांगा. औषध दुकानदाराची नजर यात डॉक्टरपेक्षा तीक्ष्ण असते.

मग पुन्हा अँटिबायोटिक कधीच द्यायचं नाही का? असं मी म्हणत नाही. पाठीतलं पाणी पुन्हा काढल्यावर त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, एमआरआयमध्ये नवीन सूज दिसली, तोंड पुन्हा वाकडं झालं, गुडघ्यात पाणी भरलं किंवा नव्या गोचिडीचा चट्टा उठला, तर दुसरा कोर्स योग्यच. म्हणून न्यूरॉलॉजिस्टला विचारायचा प्रश्न "आणखी औषध द्याल का" हा नाही. "आज मज्जासंस्थेत सूज चालू आहे की नाही, आणि ते आपण कशावरून ठरवणार?" हा आहे. चाल बदलली असल्यामुळे पाणी पुन्हा तपासावं का, मानेचा एमआरआय करावा का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पाणी आणि रक्त एकाच वेळी घ्यायला हवं, तरच दोन्हींतल्या प्रतिपिंडांची तुलना होते. पण ती प्रतिपिंडंही मागे रेंगाळतात, त्यामुळे पेशींच्या आकड्याकडे आधी बघा. आणि एक रक्ताची काच बेबेसियासाठी बघायला सांगा. तीच गोचीड मलेरियासारखा हा परजीवीही देते. तो तांबड्या पेशींत राहतो आणि सेफ्ट्रायॅक्सोनने मरत नाही.

या सगळ्यात सूज सापडली नाही तर काय? तेव्हा सासूबाईंसारखं "काहीच नाही" म्हणायचं नाही. २००६ मध्ये माझ्या थोरल्या बहिणीला चिकनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला. बोटं मात्र दीड वर्ष धरलेली होती, तिला सकाळी पोलपाट उचलवत नव्हता. रक्तात विषाणू नव्हता. मी डॉक्टर असूनही तिला एकदा म्हणाले, "आता रिपोर्ट चांगले आहेत गं." तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. संसर्ग गेल्यावर मागे राहणारं दुखणं खोटं नसतं. सासूबाईंच्या आसपास चिकनगुनियानंतर असे हातपाय धरलेलं कुणीतरी असेलच. त्यांना त्या माणसाची आठवण करून द्या, हार्टफर्डच्या रिपोर्टपेक्षा ते लवकर पटेल.

लाइमच्या या मागे राहणाऱ्या त्रासाला अजून एका औषधाने बरं करता येत नाही. पण त्याचे तुकडे करून प्रत्येकावर काम करता येतं, आणि माझ्या मते तुम्ही ज्याला परिणामकारक उपचार म्हणता तो आज हाच आहे. नसांच्या आगीला ड्युलॉक्सेटिन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधं आहेत, रात्रीची झोप त्याने बरीच सुधारते. झोपेची तपासणी करून घ्या. मधुमेही माणूस घोरत असेल तर दिवसा डोकं न चालण्याचं कारण गळ्यात, म्हणजे झोपेत श्वास अडण्यात, सापडू शकतं. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून स्मरणशक्तीची पूर्ण चाचणी करा. ती तीन-चार तासांची असते, दमवते, पण त्यातून नेमकं काय कमी पडतंय ते कळतं. आणि कंपनीकडे कामाचे तास कमी करून मागताना तोच कागद उपयोगी पडतो. तोल सांभाळण्यासाठी फिजिओथेरपी आजपासून. व्यायाम मात्र जोशात नको. आदल्या दिवशी केलेल्याने दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागलं तर निम्मं करा, आणि आठवड्यागणिक थोडंथोडं वाढवा. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा जळू द्या.

नसांना वेळ लागतो. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कमरेपासून पावलापर्यंत एक मीटर धरलं तर हजार दिवस होतात. त्यांचे आठ महिने झालेत.

दुसरं मत घ्यायचं असेल तर रोख पैसे मागणाऱ्या क्लिनिकऐवजी न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठाचं लाइम संशोधन केंद्र, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्सचं केंद्र किंवा बॉस्टनला स्पॉल्डिंग पुनर्वसन रुग्णालयातलं डीन सेंटर, यांपैकी तुमच्या विम्यात कोणतं बसतं ते पाहा. त्यांच्याकडे नवीन उपचारांचे प्रयोग चालू असले तर नाव नोंदवायला हरकत नाही. फक्त प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडे मागत असतील तर उठून या. जाताना पहिल्या पाठीच्या पाण्याचा मूळ रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी हातात ठेवा. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड पोहोचलंय या भरवशावर जाऊ नका.

मुलाविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत. त्याला सांगा की बाबांना खरा आजार झाला होता, तो पसरणारा नाही, आणि बाबा विसरतात ते मुद्दाम नाही. एवढं ११ वर्षांच्या मुलाला पेलतं. आणि मे महिना लागला की रोज संध्याकाळी त्याचे कान, काख, जांघ, गुडघ्यामागची बाजू तपासा, मिस्टरांचीही, कारण हा आजार पुन्हा होऊ शकतो. गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, तेल किंवा काडीपेटी लावत बसू नका. जंतू शरीरात जायला तिला साधारणपणे एका दिवसाहून जास्त चिकटून राहावं लागतं, म्हणून रोज पाहायचं. चट्टा चावल्यानंतर तीन ते तीस दिवसांत उठतो आणि पसरत जातो. आपल्या सावळ्या कातडीवर तो पुस्तकातल्या चित्रासारखा लाल दिसत नाही, जांभळट किंवा नुसता काळसर दिसतो, आणि तिथल्या डॉक्टरांची नजर चुकते. शेजारी नाणं ठेवून त्याच दिवशी फोटो काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा, आणि दोन्ही फोटो डॉक्टरांसमोर ठेवा.

बी-१२ चा रिपोर्ट आला की मला कळवा.